टोआप्लानचा बॉम्ब : उभ्या स्क्रोलच्या एका छोट्या गेमच्या प्रकल्प नोंदी

४ जानेवारी २०२५

गोडॉट या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये नवा प्रोजेक्ट उघडला. पडदा उभा, २४० बाय ३२०. खालून वर जाणारं एक विमान, समोरून येणारे रणगाडे, बोटी आणि शत्रूची विमानं. एक बटण गोळीचं, एक बॉम्बचं. टप्पा एकच, फार मोठा नाही. मात्र तो चार वेगवेगळ्या बॉम्बनी खेळता आला पाहिजे, आणि हे चारही बॉम्ब टोआप्लान या बंद पडलेल्या जपानी कंपनीच्या चार गेममधून घ्यायचे: 'टायगर-हेली' (१९८५), 'फ्लाइंग शार्क' (१९८७), 'ट्रक्स्टन' (१९८८) आणि 'बात्सुगुन' (१९९३). शत्रू त्याच जागी ठेवून फक्त बॉम्ब बदलला तर खेळ कुठे कुठे बदलतो, हे स्वतःच्या हातांनी करून बघायचं आहे.

माझं म्हणणं आधीच लिहून ठेवतो, म्हणजे पुढचं काम त्याच्याशी ताडून बघता येईल. टोआप्लानचं कौतुक करणारे बहुतेक जण गोळ्यांबद्दल बोलतात. शेवटी शेवटी पडदा गोळ्यांनी भरून टाकणारे गेम त्यांनी केले आणि त्यातून पुढे एक अख्खी परंपरा निघाली, हे खरंच आहे. पण त्यांचं सगळ्यात मोलाचं काम मला बॉम्बमध्ये दिसतं. खेळणाऱ्याला किती उशीर करू द्यायचा, हा प्रश्न या मंडळींनी दहा वर्षं पुन्हा पुन्हा नव्याने सोडवला. गोळ्यांची गर्दी त्या उत्तरांच्या मागून आली.

९ जानेवारी

कोडला हात लावण्याआधी कंपनीची हकिगत. टोकियोची कंपनी, १९८४ ते १९९४. त्याआधी ओर्का नावाची एक गेम कंपनी बुडाली. तिथल्या मंडळींपैकी काही जण क्रक्स नावाच्या कंपनीत गेले. क्रक्सने १९८४ साली 'जायरोडाइन' हा हेलिकॉप्टरचा गेम केला, ताइतो या मोठ्या जपानी गेम कंपनीने तो बाजारात आणला, आणि क्रक्सही टिकली नाही. त्यातून बाहेर पडलेल्यांनी टोआप्लानमध्ये गेम करायला सुरुवात केली. म्हणजे 'टायगर-हेली' करणाऱ्यांनी कंपन्या बुडताना आधीच बघितल्या होत्या, आणि हेलिकॉप्टरही आधीच उडवून झालं होतं.

दोन नावं कायम लक्षात ठेवायची: मासाहिरो युगे आणि तात्सुया उएमुरा. दोघेही प्रोग्रॅम लिहायचे आणि दोघेही संगीत करायचे. शत्रू कुठल्या क्षणी येणार हे ठरवणारा माणूस आणि त्या क्षणी कुठला सूर वाजणार हे ठरवणारा माणूस पुष्कळदा एकच असायचा. माझ्या मते या गेमचा ठेका इतका घट्ट बसतो तो यामुळेच.

बरेचसे गेम ताइतोच्या नावावर बाजारात गेले, त्यामुळे ते खेळलेल्या पुष्कळांना करणाऱ्यांचं नाव ठाऊक नसतं. आपल्याकडे 'स्नो ब्रदर्स' (१९९०) खेळलेले लोक जागोजागी भेटतात. बर्फाचे दोन भाऊ, शत्रूला बर्फात गुंडाळायचं, गोळा करायचा आणि ढकलून द्यायचा. व्हिडिओ गेम पार्लरमध्ये आणि नंतर सायबर कॅफेच्या कॉम्प्युटरवर तो असायचाच. तोही टोआप्लानचाच. पण तो शूटिंगचा नाही, म्हणून या कामात त्याला जागा नाही.

अभ्यासासाठी विकत घेतलेल्याच आवृत्त्या वापरायच्या, हे ठरवलं. बिटवेव्ह गेम्सने फेब्रुवारी २०२३ मध्ये 'ट्विन कोब्रा', 'ट्रक्स्टन', 'आउट झोन' आणि 'झिरो विंग' पीसीवर आणले. त्यात खेळ मागे नेण्याची सोय आहे. एकच बॉम्ब पुन्हा पुन्हा फोडून बघायला याहून चांगलं साधन नाही.

१८ जानेवारी

पहिला बॉम्ब: 'टायगर-हेली'.

मूळ गेममध्ये हेलिकॉप्टरच्या दोन्ही बाजूंना एकेक बॉम्ब लटकवलेला दिसतो. कोपऱ्यात आकडा लिहून ठेवलेला नाही, बॉम्ब अंगावरच आहेत. बटण दाबलं की एक सुटतो आणि आजूबाजूचं सगळं साफ करतो. खरी गंमत पुढे आहे. शत्रूची गोळी लटकलेल्या बॉम्बवर येऊन आदळली, तर बॉम्ब आपोआप फुटतो आणि हेलिकॉप्टर वाचतं. खेळणाऱ्याने काही केलेलंच नसतं.

माझ्या कोडमध्ये यासाठी विमानाला मार लागला का हे तपासणाऱ्या तीन चौकटी दिल्या: मधलं धड, डावा बॉम्ब, उजवा बॉम्ब. गोळी एकाच फ्रेममध्ये (पडद्यावर एकामागून एक येणाऱ्या चित्रांपैकी एकात) धडालाही लागते आणि बॉम्बलाही लागते, असं होऊ शकतं. तेव्हा आधी कोण मोजायचं? मी बॉम्बच्या चौकटी आधी तपासतो. शंकेचा फायदा खेळणाऱ्याला. दोन ओळींची अदलाबदल आहे, पण ती उलटी ठेवली की 'मी तर बॉम्बनेच अडवली होती' अशी तक्रार दर मिनिटाला येईल, आणि ती खरी असेल.

बॉम्ब सुटल्यावर ती बाजू उघडी पडते. त्यामुळे विमानाचा आकार खेळताना बदलत राहतो: दोन्ही बॉम्ब असताना रुंद पण कवच घातलेलं, एक गेल्यावर एका अंगाने उघडं, दोन्ही गेल्यावर किडकिडीत आणि पूर्ण उघडं. मला हे फार आवडतं. किती जीव उरलाय हे वाचावं लागत नाही, विमानाकडे बघितलं की कळतं.

मूळ गेममध्ये दोन्ही बाजूंना छोटी हेलिकॉप्टरंही जोडता येतात, काही समोर मारणारी, काही बाजूला मारणारी. ती मी घेतलेली नाहीत. त्यांच्यामुळे बॉम्बची परीक्षा नीट होणार नाही.

२६ जानेवारी

सुट्टी, म्हणून भाचा आला होता. त्याला पहिली आवृत्ती खेळायला दिली, काहीही न सांगता. त्याने बॉम्बचं बटण जवळजवळ दाबलंच नाही. विचारलं तर म्हणाला, "मामा, तो आपणहून फुटतोय ना, मग मी कशाला वाया घालवू?"

बरोबर आहे त्याचं. आपोआप फुटणारा बॉम्ब हा मुळात विमा आहे, आणि विम्याचे पैसे कोणी हौसेने काढत नाही. तरी थोडा वेळ खेळल्यावर त्याच्या हालचालीत एक बदल दिसला. गोळी अगदी जवळ आली आणि चुकवणं अशक्य झालं की तो विमान किंचित तिरकं सरकवून गोळी बॉम्बवर घ्यायचा. म्हणजे सुटायला उशीर झाला, तरी मार कुठे घ्यायचा हे ठरवण्याइतका वेळ शिल्लक असतो. हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. १९८५ च्या यंत्राने शिकवलं.

८ फेब्रुवारी

दुसरा बॉम्ब: 'फ्लाइंग शार्क'. जपानमध्ये 'हिशोउझामे'. दोन पंखांचं जुन्या धाटणीचं विमान, खाली जंगल, समुद्र, रणगाड्यांच्या रांगा.

इथे आपोआप वाचवणारं काही नाही. बटण दाबल्यावर बॉम्ब सुटतो, पुढे जातो, आणि मग फुटतो. मधल्या वेळात विमान उघडंच असतं. 'ट्विन कोब्रा'त (१९८७, जपानी नाव 'क्युक्योकु टायगर') हीच रीत पुढे चालू राहिली. पार्लरमध्ये पहिल्यांदा खेळणारा माणूस घाबरून बटण दाबतो, बॉम्ब सुटतो, माणूस मरतो, आणि मग त्याच्या मेल्या जागेच्या पुढे स्फोट होतो. अन्याय वाटतो. सुरुवातीला मलाही वाटायचा.

पण दोन्ही गेम लक्ष देऊन खेळलं की या उशिरामागचा हिशेब दिसतो. असा बॉम्ब सुटका करत नाही, तो आधी पेरावा लागतो. पुढच्या वळणावर उजवीकडून तीन रणगाडे येतात हे ठाऊक असेल, तर ते दिसण्याआधीच बटण दाबायचं आणि स्फोटाची वेळ त्यांच्या येण्याशी जुळवायची. शेतकरी मृगाकडे बघून पेरणीची वेळ धरतो तसं हे आहे, पाऊस सुरू झाल्यावर बी शोधून चालत नाही.

कोडमध्ये उशीर हा एकच आकडा आहे, फ्रेममध्ये मोजलेला. तो खालीवर करत दिवसभर खेळलो. फार कमी ठेवला तर बॉम्ब सुटकेसाठी वापरला जातो आणि आराखडा पाठ करायची गरज उरत नाही. फार जास्त ठेवला तर स्फोटाचा आणि बटणाचा संबंधच तुटतो. मधला पट्टा अरुंद आहे. सध्या ४० फ्रेमवर थांबलोय. हा आकडा माझ्या टप्प्याच्या वेगाचा आहे, मूळ गेममधून मोजलेला नाही.

१३ फेब्रुवारी

चेकपॉइंट घातला. मेल्यावर थोडं मागे, कमावलेली सगळी ताकद गेलेली, साधी बंदूक हातात. 'क्युक्योकु टायगर'ची जपानी आवृत्ती अशीच वागते. परदेशी 'ट्विन कोब्रा'त दोघांना एकदम खेळता येतं आणि मेल्यावर जागच्या जागी पुन्हा उडता येतं. एकाच गेमची दोन रूपं, आणि खेळण्याचा स्वभाव पार वेगळा. मला जपानी रूप जास्त खरं वाटतं. परतून तीच जागा साध्या बंदुकीने पार करायला लागते, तेव्हा तिथला प्रत्येक रणगाडा ओळखीचा होतो. आणि उशिरा फुटणाऱ्या बॉम्बला अर्थ येतो तो या ओळखीमुळेच. चेकपॉइंट काढून टाकला तर दुसरा बॉम्ब निव्वळ छळ ठरतो. हे करून बघितलं, म्हणून खात्रीने लिहितोय.

'ट्विन कोब्रा'तल्या चार रंगांच्या शस्त्रांबद्दल एवढंच: शस्त्र देणारा ठोकळा रंग बदलत तरंगत असतो, आणि नको त्या क्षणी पिवळा झालेला ठोकळा अंगावर आला की चांगलं शस्त्र जाऊन चार दिशांना मारणारं दुबळं शस्त्र हाती येतं. शत्रूच्या गोळ्यांइतकंच बक्षिसालाही चुकवायला लावणारी ही योजना मला फार हुशार वाटते. माझ्या गेममध्ये शस्त्र एकच आहे, नाहीतर हीही घेतली असती.

२२ फेब्रुवारी

तिसरा बॉम्ब: 'ट्रक्स्टन', जपानी नाव 'तात्सुजिन', १९८८. युगे यांचा गेम. प्रोग्रॅम त्यांचा, संगीतही त्यांचं.

बटण दाबताक्षणी पडद्यावर भलीमोठी कवटी फुटते. ज्याने ती एकदा बघितलीय, तो विसरणार नाही. उशीर शून्य. समोरच्या गोळ्या गायब, छोटे शत्रू भस्म, मोठ्यांना जबर मार. एका वर्षापूर्वीपर्यंत 'आधी पेरा' म्हणणाऱ्या कंपनीने इथे सांगितलं की शेवटच्या क्षणी दाबलंत तरी चालेल.

मग गेम सोपा झाला का? उलट. 'ट्रक्स्टन' 'फ्लाइंग शार्क'पेक्षा वेगवान आहे. शत्रू मागून येतात, बाजूने येतात, थोडा वेळ पडद्यावर राहून निघून जातात. बॉम्ब ताबडतोब फुटतो म्हणून बाकी सगळं वेगवान करता आलं. आधी पेरण्याची सक्ती उठली, आणि तिच्या जागी दुसरी परीक्षा आली: दाबायचं की नाही, हे एका झटक्यात ठरवायचं. बॉम्ब मोजकेच असतात. दाबला असता तर वाचलो असतो, हे दर मरणानंतर लखलखीत कळतं, आणि दोष यंत्राला देता येत नाही.

शस्त्रं तीन. लाल पसरट, हिरवं सरळ आणि जड, निळं शत्रूला जाऊन चिकटणारं विजेसारखं. ताकदीचे पाच ठोकळे गोळा केले की एक पायरी वर. निळं शस्त्र पूर्ण ताकदीने पडद्यावर नाचायला लागलं की नजर हटत नाही, पण त्याच झगमगाटात शत्रूच्या गोळ्या हरवतात. हिरवं साधं दिसतं आणि जास्त कामाचं आहे असं माझं ठाम मत झालंय.

कोडच्या बाजूने हा बॉम्ब सगळ्यात सोपा. बटण, त्याच फ्रेममध्ये सगळ्या गोळ्या पुसून टाकायच्या, काही फ्रेम विमानाला अभय. कवटी मी काढलेली नाही. ती त्यांची आहे. माझ्याकडे पांढऱ्या वर्तुळांची एक लाट आहे.

२ मार्च

संगीताचं काम. 'ट्रक्स्टन'च्या सर्किट बोर्डवर १० मेगाहर्ट्झचा ६८००० प्रोसेसर, आवाजासाठी वेगळा झेड८० प्रोसेसर, आणि यामाहाची वायएम३८१२ चिप. हीच चिप १९८७ च्या अ‍ॅडलिब साउंड कार्डात होती. म्हणून ज्यांनी जुन्या डॉसच्या काळातले पीसी गेम ऐकलेत, त्यांना टोआप्लानचा आवाज पहिल्यांदा ऐकतानाही कुठेतरी ओळखीचा वाटतो. नऊ आवाज, प्रत्येकाला दोनच ऑपरेटर, म्हणजे आवाज घडवणाऱ्या दोन लहरी. एवढ्यात ढोल, बेस, सूर सगळं बसवायचं. स्फोटाचा आणि गोळीचा आवाजही त्याच नवातून काढायचा, म्हणजे मोठा स्फोट झाला की एखादा सूर काही क्षण गप्प बसणार.

मी ट्रॅकरमध्ये (चाल ओळीओळीने लिहायच्या संगीताच्या सॉफ्टवेअरमध्ये) याच चिपच्या मर्यादा लावून चाल बसवली. दोन ऑपरेटरचा आवाज पातळ असतो, म्हणून एकच सूर दोन आवाजांवर किंचित बेसूर करून वाजवला की तो भरतो. पण मग नवातले दोन खर्ची पडतात. बेसला हे करायचं की मुख्य सुराला? मुख्य सुराला केलं. टप्पा सुरू होऊन पहिला रणगाडा दिसतो त्याच मात्रेवर बेस येतो, तेवढं पुरे झालं.

आवाजाच्याच संदर्भात, जपणुकीची एक गोष्ट. पुढे टोआप्लानने काही बोर्डवर हिताचीची एक चिप वापरली, जिच्या पोटातच आवाजाचा प्रोग्रॅम साठवलेला असतो. बाहेरून तो वाचता येत नाही. त्यामुळे 'विमाना', 'तेकी पाकी', 'घॉक्स' हे १९९१ चे गेम एम्युलेटरवर (जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरवर) कित्येक वर्षं मुके होते. चित्र सगळं ठीक, आवाज नाही. ज्या लोकांनी पुढे चिकाटीने तो प्रोग्रॅम बाहेर काढला, त्यांच्यामुळे ते संगीत आज ऐकू येतं. कंपनी बंद झाली की तिचं काम इतक्या बारीक जागी अडकून राहू शकतं.

११ मार्च

गोळ्या. आतापर्यंत शत्रू सरळ खाली मारत होते, आज ते विमानावर नेम धरायला लागले.

आजच्या कॉम्प्युटरवर कोन काढणं म्हणजे एक फंक्शन. ६८००० वर एक भागाकार दीडशेच्या आसपास सायकल, म्हणजे प्रोसेसरचे ठोके, खाऊ शकतो. १० मेगाहर्ट्झ आणि सेकंदाला ६० फ्रेम धरल्या, तर एका फ्रेमला १,६६,००० सायकल मिळतात, आणि त्यात पडद्यावरची प्रत्येक गोळी हलवायची, प्रत्येकीची टक्कर तपासायची. म्हणून दिशांचा तक्ता आधीच करून ठेवायचा आणि गोळीला त्यातली जवळची दिशा द्यायची, ही त्या काळातली रूढ पद्धत. मी ३२ दिशांचा तक्ता केला.

करून बघितल्यावर कळलं की तक्त्याने खेळाची चवच बदलते. कोन अचूक काढला की प्रत्येक गोळी थेट छातीवर येते. ३२ दिशांत बसवली की काही गोळ्या किंचित चुकतात, आणि कुठे उभं राहिलं की त्या चुकतात हे काही वेळाने अंगवळणी पडतं. नेम धरून येणाऱ्या गोळ्यांना चुकवायचं म्हणजे पळायचं नाही. हळूहळू एका बाजूला सरकत राहायचं, सगळ्या गोळ्या मागच्या जागेवर जातात. मग पडद्याची कड आली की झटकन उलट फिरायचं, आणि ती फट कुठे मिळेल हे आधी ठरलेलं असावं लागतं.

तीनही बॉम्ब या नव्या गोळ्यांबरोबर पुन्हा खेळले. दुसरा, उशिरा फुटणारा, इथे सगळ्यात चांगला वाटला. कडेला पोचण्याआधी तो पेरायचा, आणि उलट फिरताना फट तो उघडून देतो.

१९ मार्च

आज फक्त 'झिरो विंग' (१९८९) खेळलो. मेगा ड्राइव्ह या सेगाच्या घरगुती गेम यंत्रावरच्या युरोपी आवृत्तीच्या सुरुवातीचा मोडक्या इंग्रजीतला प्रसंग, 'ऑल युअर बेस आर बिलाँग टू अस', २००१ च्या सुमाराला इंटरनेटभर झाला आणि या कंपनीचं नाव बहुतेकांना तेवढ्यावरूनच माहीत आहे. पार्लरच्या मूळ गेममध्ये तो प्रसंग नाहीच, मेगा ड्राइव्हसाठी तो नंतर जोडला. मूळ गेममध्ये जे आहे ते जास्त लक्षात राहायला हवं: विमानातून एक किरण सोडून छोट्या शत्रूला पकडायचं, नाकासमोर ढालीसारखं धरायचं, आणि हवं तेव्हा फेकून मारायचं. ढाल आणि शस्त्र एकच. 'टायगर-हेली'च्या बॉम्बचा धागा मला इथे पुन्हा सापडतो. उएमुरा यांचं संगीत आजही ताजं आहे.

३१ मार्च

टोआप्लान ३१ मार्च १९९४ ला दिवाळखोरीत गेली. जपानचं आर्थिक वर्षही आपल्यासारखंच १ एप्रिलला सुरू होतं. आज ऑफिसात दिवसभर मार्च एंडची धावपळ होती, आणि डोक्यात सारखं तेच होतं.

'स्ट्रीट फायटर २' १९९१ मध्ये आला आणि पार्लरची गणितं बदलली. दोघं समोरासमोर लढतात, दर लढतीला एक जण हरतो, नवं नाणं पडतं. एकट्याने तासभर टिकून राहायच्या शूटिंग गेमला मालक जागा कशाला देतील? टोआप्लानने हाणामारीचा 'नकल बॅश' (१९९३) केला, त्याआधी कोड्यांचे आणि चेंडू-विटांचे गेम केले. त्यात जीव नव्हता, असं मला वाटतं. त्याच वर्षी शूटिंगमध्ये मात्र 'व्ही-फाइव्ह' आणि 'बात्सुगुन' असे दोन गेम त्यांनी केले, ज्यांत ही माणसं अजून काहीतरी शोधत होती हे स्वच्छ दिसतं.

बंद पडल्यावर लोक विखुरले. केव्ह, ताकुमी, गझेल अशा नव्या गेम कंपन्यांत गेले. केव्हमध्ये गेलेल्या त्सुनेकी इकेदा यांनी 'दोनपाची' (१९९५) आणि 'दोदोनपाची' (१९९७) केले. ताकुमीने 'क्युक्योकु टायगर'चा दुसरा भाग केला. रायझिंग या दुसऱ्या कंपनीचा 'माहोऊ दाइसाकुसेन' (१९९३) तर टोआप्लानच्या बोर्डवरच चालतो. युगे यांनी २०१७ मध्ये तात्सुजिन नावाची कंपनी काढून जुन्या गेमचे हक्क एकत्र केले. २०२२ मध्ये ती एम्ब्रेसर समूहाने घेतली. हक्क एका हाती नसते तर आज मला हे गेम विकत घेऊन खेळता आले नसते.

१२ एप्रिल

चौथा बॉम्ब: 'बात्सुगुन'.

तीन प्रकारची विमानं, प्रत्येकाचा बॉम्ब वेगळा, आणि शत्रू मारत गेलं की अनुभव साठून विमानाची ताकद वाढत जाते. ताकद पूर्ण झाली की आपल्याच गोळ्या अर्धा पडदा व्यापतात. समोरून येणाऱ्या गोळ्याही खूप, पण संथ, मोठ्या, उठून दिसणाऱ्या. त्यांच्यामधून वाट काढायची असते. पुढे याची एक विशेष आवृत्ती तयार झाली, तिच्यात मार लागण्याची चौकट आणखी छोटी केली होती. कंपनी बुडाल्यामुळे ती पार्लरमध्ये रीतसर आलीच नाही. १९९६ मध्ये सेगा सॅटर्न या घरगुती गेम यंत्रावर मूळ आवृत्तीबरोबर ती मिळाली.

माझ्या टप्प्यात विमानाची चौकट मधल्या चार पिक्सेलवर आणली, गोळ्यांचा वेग कमी केला, संख्या वाढवली, बॉम्ब ताबडतोब फुटणारा ठेवला. आणि टप्पा कोसळला. रणगाडे त्याच जागी, तरी त्यांना काही अर्थच उरला नाही. कडेच्या झाडीतून अचानक नेम धरणारा रणगाडा 'फ्लाइंग शार्क'च्या बॉम्बसमोर राजा होता. इथे त्याची एक संथ गोळी चार पिक्सेलच्या विमानाला कुठे लागणार? उलट, बोटींची जी रांग पहिल्या तीन बॉम्बना कंटाळवाणी वाटत होती, तीच इथे गोळ्यांची सुंदर जाळी विणायला लागली.

जानेवारीत ठरवलं होतं की शत्रू हलवायचे नाहीत, फक्त बॉम्ब बदलायचा. पहिल्या तिघांपर्यंत ते चाललं. चौथ्याला चालत नाही, आणि हेच मला सगळ्यात मोलाचं वाटतंय. पहिल्या तीन बॉम्बमध्ये उशिराची सवलत बॉम्बकडे होती: आपोआप फुटून, आधी पेरून, किंवा ऐनवेळी दाबून. 'बात्सुगुन'मध्ये ती सवलत गोळीच्या वेगात आणि विमानाच्या चौकटीत वाटली गेली. बॉम्ब दाबायच्या आधीच खेळणाऱ्याला विचार करायला वेळ दिलेला असतो. म्हणून पडदा गोळ्यांनी भरता आला. इकेदा आणि त्यांच्या बरोबरच्यांनी पुढे जे केलं, त्याची चावी इथे आहे.

२० एप्रिल

भाचा पुन्हा आला. चारही आवृत्त्या खेळला. पहिलीत निवांत, दुसरीत चिडचिड, तिसरीत उभा राहून खेळला, चौथीत एकदम गप्प, डोळे विमानावर खिळलेले. शेवटी म्हणाला, "मामा, दुसरी परत लाव. त्या झाडीतल्या रणगाड्याला मी बघून घेतो." लावली. बॉम्ब आधी पेरला, रणगाडा बाहेर आला आणि जागीच गेला. त्याने माझ्याकडे बघितलंही नाही, पुढे निघाला.

२६ एप्रिल

चौथ्या बॉम्बसाठी वेगळा आराखडा करायला घेतलाय. झाडीतले रणगाडे सगळे काढले. बोटींच्या तीन रांगा, प्रत्येक रांग वेगळ्या वेगाने गोळ्या सोडणारी, म्हणजे तीन जाळ्या एकमेकींतून सरकतील आणि फटी उघडत-मिटत राहतील. शेवटी एक मोठं जहाज. त्याच्या तोफा एकेक करून फोडता आल्या पाहिजेत, आणि प्रत्येक तोफ गेली की जाळीतली एक ओळ कमी झाली पाहिजे. ३२ दिशांचा तक्ता इथे अपुरा पडतो, जाळीच्या ओळी तुटक दिसतात, म्हणून फक्त या आराखड्यासाठी तो ६४ वर नेला.

राहिलेलं: जहाजाचे स्प्राइट (पडद्यावर हलणारी चित्रं), स्फोटाच्या वेळी कुठला सूर गप्प बसवायचा ते, आणि दुसऱ्या फेरीत गोळ्यांचा वेग किती वाढवायचा ते. 'ट्रक्स्टन'ला शेवट नाही, पाचवा टप्पा संपला की पहिला पुन्हा सुरू होतो, अधिक कठीण. माझ्या एका टप्प्यालाही तसंच करणार.